हॅलोच्या नावावर चौतीस शब्द

परीक्षेत पहिला आला असता तर हॅलोला मिळणार होतं ते असं: तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, खोलीला एक खिडकी, खिडकीखाली कुलूप लागणाऱ्या कप्प्यांचं टेबल, हात टेकता येतील अशी खुर्ची आणि दारावर 'पत्रव्यवहार-प्रमुख' अशी पाटी. पगारातही फरक पडणार होता, पण तो इतका किरकोळ होता, की घरी त्याबद्दल बोलून उगाच कोणाच्या आशा वाढवायला नकोत असं त्याने ठरवलं होतं. आणि खरा लाभ तर या यादीत नव्हताच. खरा लाभ असा, की त्या खोलीत टेलिफोन नव्हता.

हॅलो हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो चौदा वर्षं तक्रारनोंद कारकून होता. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस फोन करायचा, हा 'हॅलो' म्हणायचा, आणि पुढचं सगळं बोलणं तो अडकलेला माणूसच करायचा. त्यामुळे ऑफिसला याच्या तोंडून तेवढा एकच शब्द ठाऊक होता. आता माणसं लिफ्टमध्ये कधी अडकतात? जेवायला खाली उतरताना. म्हणजे बरोबर साडेबारा ते दीड. हॅलो डबा गरम करून झाकण उघडायचा आणि गावातल्या कुठल्या तरी दोन मजल्यांच्या मध्ये कोणीतरी त्याच्यासाठी ओरडायला लागायचं. चौदा वर्षांत शेवटचा घास गरम लागला, असं एकदाही घडलं नव्हतं.

कंपनीने अलीकडेच परदेशी लिफ्टवाल्यांशी करार केला होता. त्यांना ऑफिसातून इंग्रजीत पत्रं जायची आणि ती 'नक्की काय म्हणायचंय' अशा चौकशीसह परत यायची. मॅनेजर साहेबांनी एक पत्र मोजलं, तर त्यात 'प्रॉब्लेम' हा शब्द अकरा वेळा निघाला. दोराला प्रॉब्लेम, दाराला प्रॉब्लेम, बटणाला प्रॉब्लेम, आणि शेवटी, या पत्रात काही प्रॉब्लेम असल्यास कळवावे.

"प्रॉब्लेमला भाऊबंद आहेत," साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. "डिफेक्ट म्हणजे वस्तूतच असलेली खोट. फॉल्ट म्हणजे कोणाची तरी चूक. न्युसन्स म्हणजे नुसता ताप. कुठल्या भावाला कुठे पाठवायचं हे कळणारा माणूस मला हवाय." एवढं सांगायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. सहा आठवड्यांनी परीक्षा. शंभर शब्द येणार, प्रत्येकाचा अर्थ लिहायचा आणि तो आपल्या भावंडांपेक्षा वेगळा कसा तेही लिहायचं. पंचाहत्तरच्या वर गुण हवेत. समानार्थी शब्दांचं एक जाडजूड पुस्तक साहेबांनी टेबलावर ठेवलं. पहिल्या दिवशी नाव दिलं ते फक्त हॅलोने. बाकीच्यांनी पुस्तकाची जाडी पाहिली आणि आपापल्या जागी गेले.

दोन आठवड्यांत हॅलोच्या नाकी नऊ आले. संध्याकाळी बायको इस्त्री करता करता पुस्तकातून विचारायची.

"स्टिंजी?"

"कंजूष."

"मायझरली?"

"कंजूष."

"फ्रुगल?"

"कंजूषच."

"मग इंग्रजांना दुसरं काही सुचतच नव्हतं का हो?" बायकोने इस्त्री उभी ठेवली आणि पुस्तक डोळ्यांजवळ धरलं. "हे बघा, फ्रुगल म्हणजे थोडक्यात भागवणारा. यात कौतुक आहे. स्टिंजी म्हणजे हात आखडणारा, यात नाही. आणि मायझरली म्हणजे ज्याला देताना दुखतं तो."

"तू वाचतेस तेव्हा कळतं. पुस्तक मिटलं की सगळे एकाच तोंडाचे."

"तुम्हाला शब्द लक्षात राहत नाहीत, माणसं राहतात. आपण हे घर घेतलं तेव्हा माझा भाऊ बघायला आला होता. काय आणलं होतं?"

"चार संत्री," हॅलो क्षणाचाही विचार न करता म्हणाला. "आपण दोन खाल्ली. उरलेली दोन जाताना तो परत घेऊन गेला. गुरुवार होता."

"मग मायझरली म्हणजे कोण?"

हॅलोने बायकोकडे जपून पाहिलं. "तुझा भाऊ?"

"झालं. आता विसराल का?"

"पण तुझा भाऊ आहे तो."

"परीक्षेपुरता वापरा," बायको म्हणाली आणि कॉलरकडे वळली.

हॅलोने दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कपाटातली एक कोरी तक्रारवही घेतली. तिच्यात छापील चार रकाने होते: तक्रार, तपशील, कोणाकडे, निवारण. त्याला हे फारच सोयीचं पडलं. तक्रारीत शब्द, तपशिलात अर्थ आणि 'कोणाकडे' या रकान्यात माणूस. निवारणाचा रकाना त्याने रिकामा सोडला, कारण या लोकांवर निवारण नव्हतं असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

स्टिंजी, हात आखडणारा: स्टोअरकीपर, जो जुना स्क्रू जमा केल्याशिवाय नवा देत नसे आणि जुना हरवला असेल तर 'शोधा, इथेच असेल' म्हणत असे. थ्रिफ्टी, काटकसर करून चार वस्तू राखणारा: मी स्वतः. लेझी, काम टाळणारा: मिस्त्री. टॉकेटिव्ह, सतत बोलणारी: हिशेबनीस बाई. व्हर्बोस, एका वाक्याच्या कामाला पाच वाक्यं लावणारा: साहेब. नोझी, जिथे आपलं काही नाही तिथे नाक खुपसणारी: सासूबाई. ऑब्स्टिनेट, आपलं चुकतंय हे कळूनही हट्ट न सोडणारी: इथे त्याने पेन थोडा वेळ हवेत धरला, दाराकडे पाहिलं आणि बायकोचं नाव घातलं. ठाम, पण हट्टी नव्हे, तो फर्म. फर्म, मी स्वतः.

हे एकदा सुरू झाल्यावर शब्द असे चिकटले, की पुसू म्हटलं तरी पुसेनात. बायकोने शंभर शब्द विचारले, एकोणनव्वद आले. पुढच्या आठवड्यात त्र्याण्णव. हॅलो जिने चढून तिसऱ्या मजल्यावर गेला, ती खोली पाहून आला, आणि जेवायला कुठल्या बाजूला तोंड करून बसायचं तेही ठरवून आला.

इथे कंपनीची एक रीत सांगायला हवी. दर शनिवारी दुपारी शिपाई तक्रारवही उचलायचा आणि टेबलाटेबलावर फिरवायचा. 'कोणाकडे' या रकान्यात ज्याचं नाव दिसेल त्याने निवारणाच्या रकान्यात काय केलं ते लिहून सही करायची. लिहिल्याशिवाय वही पुढे जात नसे. शिपाई पंचवीस वर्षं हे काम करत होता आणि या पंचवीस वर्षांत तो वहीचा फक्त पुठ्ठा पाहून ती ओळखत होता. हॅलोच्या टेबलावर त्या शनिवारी एकाच पुठ्ठ्याच्या दोन वह्या होत्या. त्याने वरची उचलली.

तीन वाजता गेलेली वही साडेपाचला परत आली. हॅलोने ती उघडली आणि खाली बसला. तो आधीच बसलेला होता, तरी बसला.

निवारणाचा रकाना भरला होता. मिस्त्रीने तक्रार न वाचता नेहमीच्या सवयीने लिहिलं होतं: 'पाहिले. चालू आहे.' आणि सही. हिशेबनीस बाईंना रकाना पुरला नव्हता. त्यांचं म्हणणं समासातून वर जाऊन, पानाला पूर्ण वळसा घालून खालून परत आलं होतं. स्टोअरकीपरने एकच शब्द लिहिला होता, 'अमान्य', तोही पेन्सिलने. साहेबांनी दोन फुलस्केप कागद टाचणी मारून जोडले होते, आणि दुसऱ्याच्या शेवटी 'मागे पाहा' होतं.

सोमवारी सकाळी स्टोअरकीपर सगळ्यात आधी हजर. समानार्थी शब्दांचं पुस्तक काखेत, खुणेला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठी आधी कशासाठी तरी वापरलेली.

"हे वाच," तो म्हणाला. "स्टिंजी म्हणजे स्वतःजवळचं दुसऱ्याला न देणारा. स्क्रू माझे आहेत का?"

"नाहीत."

"कोणाचे?"

"कंपनीचे."

"मग स्टिंजी कोण? कंपनी. मी फक्त सांभाळतो. सांभाळून ठेवणारा तो थ्रिफ्टी. तो शब्द इकडे दे."

"तो माझ्याकडे आहे."

"तू काय सांभाळलंस रे आजवर? दोन वह्या सांभाळता आल्या नाहीत."

हॅलोने वही पुढे ओढली. नवी खुर्ची स्टोअरमधूनच यायची होती. त्याने थ्रिफ्टीपुढचं 'मी स्वतः' खोडलं आणि स्टोअरकीपर लिहिलं. "पण मग स्टिंजी कोणाकडे टाकू? रकाना रिकामा ठेवता येत नाही. कंपनीला जबाबदार माणूस लागतो."

"तुझ्याच नावावर टाक," स्टोअरकीपर म्हणाला. "तक्रार करणारं कोणी उरणार नाही."

व्यवहाराला हा सल्ला चोख होता आणि तिथेच हॅलोचं घोडं अडलं, पण ते त्याला त्या दिवशी दिसलं नाही.

मिस्त्री दुपारी आला. आपण कशावर सही केली हे त्याला बाईंनी वाचून दाखवलं होतं. त्याने खुर्ची ओढली, पाय लांब केले आणि म्हणाला, "हॅलोसाहेब, मी काम टाळतो असं आहे का?"

"तसं नाही..."

"मी येतो ना? उशिरा येतो, पण येतो. जो येतच नाही तो लेझी. जो घाई करत नाही तो लेझर्ली. बाईंनी शोधून दिलाय. निवांत, सावकाश, मजेत. हा शब्द मला आवडलाय."

"पण मिस्त्री, लोक आत अडकलेले असतात."

"त्यांना घाई असते. मला का असावी? पण तुम्ही मला लेझीच ठेवणार असाल तर तसं सांगा, म्हणजे आजच्या तिन्ही लिफ्ट उद्या बघतो. शब्दाला जागायला हवं."

लेझीपुढेही 'मी स्वतः' लागलं.

बाईंनी टॉकेटिव्ह सोडून आर्टिक्युलेट घेतला, म्हणजे मनातलं नेमकं मांडणारी, आणि तो आपल्याला कसा लागू पडतो ते पाच वाजेपर्यंत मांडलं. साहेबांनी हॅलोला खोलीत बोलावून एलोक्वंट मागितला, म्हणजे ज्याचं बोलणं ऐकणाऱ्याच्या मनाला भिडतं तो. हॅलोने दहाव्या मिनिटालाच होकार दिला, पण निर्णय घाईने झाला असं वाटू नये म्हणून साहेब तासभर बोलत राहिले.

घरी तरी शांतता असेल म्हणून तो घरी गेला. सासूबाई दारातच होत्या.

"जावईबापू, मी नाक खुपसते म्हणे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? काल तुमची पिशवी उघडून वही वाचली मी."

हॅलोने सासूबाईंकडे पाहिलं. पुराव्याची एवढी सोय परीक्षेतही झाली नसती. पण सासूबाई पक्क्या होत्या. नोझी म्हणजे चहाडीसाठी विचारणारी, इन्क्विझिटिव्ह म्हणजे ज्ञानासाठी विचारणारी, हे त्यांनी पुस्तकात पाहून ठेवलं होतं. आणि शेजारच्यांकडे कोण पाहुणा आला हे ज्ञान नाही तर काय?

बायकोने आधी जेवण वाढलं. मग म्हणाली, "ऑब्स्टिनेट ना मी?"

"ते परीक्षेपुरतं."

"मी आता 'हा शब्द काढा' म्हणून हटून बसले, तर तुम्ही म्हणाल बघा, बरोबरच लिहिलं होतं. म्हणून हटून बसत नाही. शांतपणे सांगते. रेझोल्यूट करा. एकदा ठरवलं की मागे न हटणारी. कौतुकाचा आहे."

"आणि काढला नाही तर?"

"तर मी मागे हटणार नाही," बायको म्हणाली.

मेहुण्याला ही बातमी त्याच्या बहिणीकडूनच कळली. त्याने थेट तक्रारीच्या फोनवर गाठलं, साडेबाराला.

"हॅलो," हॅलो म्हणाला.

"मी लिफ्टमध्ये नाही, घरी आहे. मला प्रूडंट करा भाऊजी. पुढचा विचार करून वागणारा. ती दोन संत्री मी दुसऱ्या दिवसासाठी नेली होती."

दोन आठवडे हे असं चाललं. कोणी स्किनी, म्हणजे काडी, टाकून स्लेंडर, म्हणजे सडपातळ, नेला; कोणी चीप, म्हणजे हलक्यातला, ठेवून मॉडेस्ट, म्हणजे साधा, उचलला. पुस्तक हॅलोच्या हाती यायचंच नाही. ते सकाळी स्टोअरमध्ये, दुपारी बाईंकडे आणि संध्याकाळी मिस्त्रीच्या गुडघ्यावर उघडं असायचं. आपल्याला दिलेल्या शब्दात आणि आपल्याला हव्या त्या शब्दात नेमका किती केसाचा फरक आहे, हे शोधण्यात माणसं इतकी रमली, की जेवणाच्या सुट्टीत भांडणंही समानार्थी व्हायला लागली. "तुम्ही रागावलात का?" "रागावले नाही, इरिटेटेड आहे. फ्युरिअस व्हायला अजून अवकाश आहे." सोडून दिलेला प्रत्येक शब्द मात्र कोणाच्या तरी नावावर टाकावाच लागे. परीक्षेच्या आदल्या दिवशी हॅलोने मोजले, तर असे चौतीस शब्द त्याच्या नावावर जमले होते. फर्मसुद्धा गेला होता. तो साहेबांनी सहज चाळता चाळता उचलला होता.

परीक्षेला बसायला ऐनवेळी आणखी तिघांनी नावं दिली: स्टोअरकीपर, हिशेबनीस बाई आणि मिस्त्री. "अभ्यास झालेलाच आहे," स्टोअरकीपर म्हणाला, "वाया कशाला घालवायचा?"

पहिलाच शब्द होता स्टिंजी. हॅलोने नेहमीप्रमाणे डोळे मिटून माणूस आठवला. त्याला तो स्वतः दिसला. बरं, हा कोणत्या गुणाचा? त्याने पुढचा पाहिला. लेझी. पुन्हा तोच, त्याच शर्टात. नोझी, ऑब्स्टिनेट, टॉकेटिव्ह, व्हर्बोस: जो शब्द उघडावा त्यातून हा स्वतःच बाहेर येऊन उभा. चौतीस शब्दांच्या दारात एकच माणूस, आणि तो काही केल्या सांगेना की आपण कोणत्या दाराचे. चांगले शब्द आले तेव्हा तर त्याहून पंचाईत. थ्रिफ्टी म्हणताच स्टोअरकीपर दिसला आणि हात आपोआप लिहून गेला, 'स्क्रू न देणारा'. एलोक्वंटपुढे साहेब आले, त्याने लिहिलं, 'एका वाक्याच्या कामाला पाच वाक्यं लावणारा', आणि पेपर तपासणारे साहेबच आहेत हे त्याला पुढच्या ओळीवर गेल्यावर आठवलं.

हॅलोला एकोणतीस गुण मिळाले. मिस्त्रीला एक्याऐंशी, वेळ संपल्यावरही तो मजेत लिहीत होता आणि त्याला उठवायला कोणाला सुचलं नाही. बाईंना नव्वद, कारण शेवटचे दहा शब्द सुरू करायच्या आत घंटा झाली. आणि स्टोअरकीपरला शहाण्णव. त्याने प्रत्येक उत्तर अर्ध्या ओळीत बसवलं होतं आणि उरलेले कागद परत केले होते.

खोली स्टोअरकीपरला मिळाली. खिडकीही मिळाली, टेबल मिळालं, आणि खुर्ची त्याने स्वतःच स्वतःला दिली. परदेशी लिफ्टवाल्यांना त्याचं पहिलं पत्र गेलं ते तीन ओळींचं, त्यात प्रॉब्लेम एकही नव्हता, एक डिफेक्ट होता आणि तो त्यांचा होता. त्यांनी उलट टपाली कबूल केलं. साहेब खूश झाले आणि तसं दोन तास म्हणाले.

हॅलो आपल्या टेबलावर परत आला. बायको काही टोचून बोलली नाही; तिने ठरवलं होतं आणि ती मागे हटत नव्हती. दोन दिवस तो 'हॅलो'सुद्धा हळू म्हणत होता. तिसऱ्या दिवशी साडेबाराला त्याने डबा गरम केला, झाकण उघडलं, आणि फोन वाजला.

"हॅलो."

"अरे हॅलो, मी बोलतोय. आपल्याच लिफ्टमध्ये. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये थांबलीय."

ऑफिसच्या इमारतीची लिफ्ट महिनाभर कुरकुरत होती. पण मिस्त्रीचं म्हणणं असं, की घरचीच लिफ्ट आहे, तिची कसली घाई. हॅलोने डब्यातून निघणाऱ्या वाफेकडे पाहिलं. मग खऱ्या तक्रारवहीचं कोरं पान उघडलं.

"तक्रारीत काय लिहू?" त्याने विचारलं.

"अडकलोय म्हणून लिही."

"म्हणजे स्टक?"

पलीकडे स्टोअरकीपर. शहाण्णव गुणांचा माणूस होता. त्याला चुकीचा शब्द तसाच सोडवेना. "स्टक नको. स्टक लिफ्ट आहे. मी ट्रॅप्ड."

"ट्रॅप्डमध्ये कोणीतरी मुद्दाम पकडलेलं असतं ना?" हॅलोने पहिला घास घेतला. "मुद्दाम कोणी केलंय का?"

"मिस्त्रीने केलंय. पण मुद्दाम म्हणता येणार नाही. मुद्दाम करायलाही कष्ट पडतात. थांब, कन्फाइन्ड. कोंडलेला."

"कोंडलेला म्हणजे जागा लहान हवी. तुमची लिफ्ट आठ माणसांची."

"मग स्ट्रँडेड. वाऱ्यावर सोडलेला."

"सोडलंय कुठे? मी बोलतोय ना," हॅलो म्हणाला आणि दुसरा डबा उघडला. "घाई नाही. शब्द नेमका हवा. चुकीचा पडला तर खोडाखोड होते, आणि ती कोणाच्या तरी नावावर टाकावी लागते."

"मिस्त्री किती वेळात येतोय?"

"निवांत येतोय."

"मग सुरुवातीला डिटेन्ड लिही," स्टोअरकीपर विचार करत म्हणाला, "आणि तो दोन वाजेपर्यंत आला नाही तर स्ट्रँडेड कर. पण डिटेन्डचा अर्थ एकदा बघून घे. पुस्तक माझ्या खोलीत आहे."

"मग राहू दे. तोंडीच ठरवू."

तोंडीच ठरलं. मिस्त्री एक वाजून आठ मिनिटांनी आला, तोपर्यंत चार शब्द लिहून खोडले गेले होते.

एकूण हिशेब असा. स्टोअरकीपरला खोली मिळाली, बाईंना आर्टिक्युलेट, मिस्त्रीला लेझर्ली, साहेबांना एलोक्वंट आणि वर फर्म. सासूबाई ज्ञानासाठी विचारायला मोकळ्या झाल्या, मेहुणा दूरदर्शी ठरला, बायको रेझोल्यूट झाली. या सगळ्याची भरपाई हॅलोने केली: सहा आठवडे, त्र्याण्णवातले चौसष्ट गुण, एक खिडकी आणि स्वतःच्या नावावर चौतीस शब्द. फक्त त्या दुपारी त्याचा डबा शेवटच्या घासापर्यंत गरम होता, आणि त्याची किंमत, लिफ्टमधली अडतीस मिनिटं, स्टोअरकीपरने भरली.